कॅन्सर झालेल्याला अल्झायमर होत नाही? मखमलाबादच्या एका काकूंचं प्रकरण

(घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

२०२२ च्या जूनमधल्या एका बुधवारी काकू नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात भाजी घ्यायला गेल्या. चाळीस वर्षांचा शिरस्ता होता तो. अर्धा किलो गवार घेतली, पाचशेची नोट दिली आणि उरलेले पैसे न घेताच निघाल्या. भाजीवाली मागे धावत आली, तेव्हा तिच्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिल्या. मग रिक्षात बसल्या आणि पत्ता सांगितला सराफ बाजाराचा. तिथे त्यांचं माहेर होतं. वाडा पाडून इमारत उभी राहिली त्याला बरीच वर्षं झाली. काकू त्या इमारतीच्या दारात तासभर उभ्या होत्या. ओळखीच्या एका दुकानदाराने मुलाला फोन केला आणि तो मखमलाबादहून येऊन त्यांना घेऊन गेला.

मी त्यांची नेहमीची डॉक्टर. या तक्रारीसाठी माझ्याकडे त्या आल्या २०२३ च्या फेब्रुवारीत. मधले आठ महिने कुठे गेले, हा या प्रकरणाचा पहिला भाग.

काकूंना २०१६ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रियेत स्तन काढला, मग पॅक्लिटॅक्सेल असलेली केमोथेरपी, रेडिएशन आणि पुढे कॅन्सर परतू नये म्हणून पाच वर्षं लेट्रोझोलची रोज एक गोळी. २०२१ मध्ये तीही थांबली. घराने हे सगळं नेटाने केलं, एकही तपासणी चुकवली नाही. अशा जागरूक घराने बाजारातल्या त्या प्रसंगानंतर आठ महिने वाट पाहिली, कारण मुलाच्या मोबाइलवर एक मेसेज आला होता. कॅन्सर होऊन गेलेल्यांना अल्झायमर (स्मृती हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार) होत नाही, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे, निसर्ग एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो, असं त्यात लिहिलं होतं. मुलगा मला म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं वयामुळे होतंय. मोठं दुखणं तर आईने आधीच भोगलंय."

मेसेज खोटा आहे, असं सांगून मला मोकळं होता आलं नाही, कारण त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. त्यातल्या ६५ वर्षांपुढच्या १२७८ जणांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅन्सर होऊन गेलेल्यांना अल्झायमर होण्याचा धोका इतरांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी दिसला. उलट बाजूने, अल्झायमर झालेल्यांना पुढे कॅन्सर होण्याचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. पुढच्याच वर्षी उत्तर इटलीतला, दहा लाखांहून मोठ्या लोकवस्तीची नोंद तपासणारा अभ्यास आला. त्यातही कॅन्सरच्या रुग्णांमध्ये अल्झायमरचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये कॅन्सरचा धोका जवळपास निम्मा होता.

यावर पहिली शंका कोणालाही येईल. कॅन्सरचे रुग्ण अल्झायमरच्या वयापर्यंत पोचतच नसतील तर? आणि ज्याला आपलं नाव धड सांगता येत नाही, त्याच्या अंगातली गाठ शोधायला कोण बसतं? दोन्ही शंका रास्त आहेत. फ्रेमिंगहॅमच्या संशोधकांनी पहिलीचं उत्तर शोधायला पक्षाघाताचा आधार घेतला. कॅन्सरचे रुग्ण लवकर जातात म्हणूनच अल्झायमर कमी दिसत असेल, तर त्यांच्यात पक्षाघातही कमी दिसायला हवा. पण धूम्रपानाशी संबंधित कॅन्सर झालेल्यांमध्ये पक्षाघात जास्त आढळला आणि अल्झायमर मात्र खूपच कमी. शिवाय दुसऱ्या एका अभ्यासात हे नातं अल्झायमरपुरतंच दिसलं, रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे येणाऱ्या स्मृतिभ्रंशात दिसलं नाही. तेव्हा लवकर मृत्यू आणि राहून गेलेल्या तपासण्या हे हिशेबात धरूनही काहीतरी उरतं. दुसऱ्या शंकेकडे मी शेवटी येईन, कारण ती काकूंच्या अंगाशी थेट भिडलेली आहे.

मुलगा द्राक्षबागायतदार. फेब्रुवारी म्हणजे काढणीचे दिवस, व्यापारी बागेत येऊन थांबलेले, तरी तो आईला घेऊन दोन तास माझ्यासमोर बसला होता. मी त्याला विचारलं, वेलीचा शेंडा मारला नाही तर काय होतं? "नुसता पाला माजतो." आणि छाटणी जास्त झाली तर? "ओलांडाच उघडा पडतो. काडी धरत नाही." ओलांडा म्हणजे वेलीची आडवी जाड फांदी.

शरीरातही हे दोन्ही हात सतत चालू असतात. पेशी वाढवणारा एक आणि बिघडलेली पेशी वेळेवर मारून टाकणारा दुसरा. कॅन्सर म्हणजे मरायला नकार देणारी पेशी. अल्झायमरमध्ये जी पेशी जन्मभर टिकायला हवी, ती आधीच मरते. १९७९ मध्ये सापडलेलं पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांमध्ये त्याचंच जनुक मोडलेलं असतं. अल्झायमरच्या मेंदूत हेच प्रथिन वाढलेलं आढळतं.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते पिन-१ नावाचं विकर (एन्झाइम). १९९६ मध्ये ते सापडलं. काही प्रथिनांवर फॉस्फेट चिकटलं की त्यांना एक बाक येतो, आणि तो बाक सरळ करण्याचं काम हे विकर करतं. मेंदूच्या पेशीत टाऊ नावाचं प्रथिन असतं. पेशीच्या आतल्या वाहतुकीचे रूळ ते घट्ट धरून ठेवतं. टाऊवर फॉस्फेट साचलं की ते रुळांवरून सुटतं आणि गुंते होऊन बसतं. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले गुंते हेच. पिन-१ पुरेसं असेल तर टाऊचा बाक निघतो, फॉस्फेट उतरवता येतं आणि गुंता होत नाही. अल्झायमरच्या पेशींमध्ये पिन-१ कमी पडतं. ते जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत वय वाढल्यावर टाऊचे दोष आणि पेशींची झीज दिसली. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. अनेक कॅन्सरांमध्ये मात्र पिन-१ वाजवीपेक्षा जास्त असतं आणि तिथे ते पेशीच्या वाढीला जोर देतं. तेच विकर एका पेशीत कमी पडून घात करतं आणि दुसरीत जास्त होऊन.

ऊर्जेचीही गोष्ट आहे. पुरेसा प्राणवायू असतानाही कॅन्सरची पेशी साखर अर्धवट जाळते, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. मेंदूची पेशी नेमकी उलट: तिची सगळी भिस्त मायटोकाँड्रिया या पेशीतल्या भट्ट्यांवर, म्हणजे पूर्ण ज्वलनावर. शरीराच्या वजनात मेंदू २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. ही भट्टी मंदावली की तिला दुसरा आसरा नाही.

वेलीची उपमा मात्र इथेच सोडावी लागते. मेंदूची प्रौढ पेशी विभागत नाही, तिला नवी फूट नाही. अल्झायमरमध्ये काही पेशी म्हातारपणी विभाजनाचं चक्र पुन्हा सुरू करायला बघतात. डीएनएची प्रत काढायलाही लागतात, पण दोन होऊ शकत नाहीत आणि त्यातच मरतात. कॅन्सरच्या पेशीला जी वाट मोकळी मिळते, तीच वाट इथे बंद गल्ली ठरते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

हे सगळं ऐकून मुलाने विचारलं, "मग कॅन्सरचंच एखादं औषध दिलं तर आईला फायदा होईल?" प्रश्न साधा नव्हता. २०१२ मध्ये बेक्सारोटीन या कॅन्सरच्या औषधाने उंदरांच्या मेंदूतला अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा) थर झपाट्याने कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि जगभर आशा पालवल्या. दुसऱ्याच वर्षी इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला, पण थर कमी झाल्याचा तो परिणाम त्यांना मिळाला नाही. मी त्याला नाही म्हणून सांगितलं, आणि का नाही तेही सांगितलं.

मग पाटीवर हिशेब मांडला. समजा, काकूंच्या वयाच्या, कॅन्सर न झालेल्या शंभर जणींपैकी पुढच्या काही वर्षांत १२ जणींना अल्झायमर होणार आहे. धोका ३३ टक्क्यांनी कमी म्हणजे कॅन्सर होऊन गेलेल्या शंभर जणींपैकी ८ जणींना तो होईल. म्हणजे आठ जणींना होईलच. समोर बसलेली बाई त्या आठांतली की ब्याण्णवांतली, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी बाईलाच तपासावं लागतं.

आता तपासणीकडे येते.

कॅन्सर झालेल्या माणसाची स्मृती ढासळते तेव्हा डॉक्टरच्या मनात पहिली भीती अल्झायमरची नसते. स्तनाचा कॅन्सर वर्षांनंतरही मेंदूत डोकं वर काढू शकतो. म्हणून आधी कॉन्ट्रास्ट देऊन मेंदूचा एमआरआय केला. गाठ नव्हती. स्मृतीचं मुख्य ठाणं असलेला हिप्पोकॅम्पस किंचित आकसलेला होता. रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार’ असा शेरा होता. रक्तात सोडियम, कॅल्शियम, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड सगळं ठीक. कॅन्सर हाडांत गेला तर कॅल्शियम वाढून माणूस बरळू लागतो, म्हणून तेही पाहिलं. मन उदास आहे का, हे मी काकूंशी एकटीने बोलून घेतलं. उदास नव्हत्या, पण लाजल्यासारख्या होत्या.

३० गुणांच्या स्मृतिचाचणीत १८ गुण आले. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत. तेवढी सूट धरूनही कमीच. घड्याळ काढायला सांगितलं. गोल छान आला, रांगोळीचा हात होता त्यांना. पण बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले आणि डावी बाजू कोरी राहिली. मग पेन खाली ठेवून त्या आपण होऊन १९६९ च्या गोदावरीच्या महापुराबद्दल बोलू लागल्या. सराफ बाजारात पाणी कसं चढलं, वडिलांनी दुकानातल्या चोपड्या माळ्यावर कशा टाकल्या, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कसा दिसेनासा झाला होता, आपण तेव्हा अठरा वर्षांच्या होतो. सगळं तपशीलवार. सकाळी काय खाल्लं, ते सांगता आलं नाही.

रक्ताच्या रिपोर्टात एकच गोष्ट बिघडलेली निघाली: बी-१२ जीवनसत्त्व १४२. बरंच कमी. काकू शाकाहारी, आणि मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू. मेटफॉर्मिनने बी-१२ चं शोषण कमी होतं. दोन्ही कारणं एकावर एक बसली होती.

मग मी सुनेला सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण. ती दुसऱ्या दिवशी घेऊन आली आणि टेबलावर पिशवी रिकामी केली. मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, कॅल्शियम, आणि अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम, रोज रात्री एक. केमोनंतर काकूंच्या तळपायांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. पॅक्लिटॅक्सेलने नसांना इजा होते, त्यावर ही गोळी दिली जाते. पहिली चिठ्ठी कॅन्सरच्या उपचारांतली होती. त्यानंतरची प्रत्येक चिठ्ठी माझी होती. सहा वर्षं मी ‘चालू ठेवा’ असं लिहीत आले होते.

ही गोळी मेंदूतल्या असिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवते. स्मृतीला तेच रसायन लागतं आणि अल्झायमरमध्ये तेच कमी पडतं. साठीपुढच्या माणसाला ती वर्षानुवर्षं देताना दर वेळी विचारायला हवं होतं की हिची अजून गरज आहे का. मी विचारलं नाही. मुलाला आणि सुनेला हे मी त्याच दिवशी सांगितलं. मुलगा काही बोलला नाही. सून म्हणाली, "मग आता बंद केली तर येईल का आईंना पहिल्यासारखं?" थोडं येईल, सगळं येईल असं वचन देता येत नाही, असं मी म्हटलं.

आणखी एक गोष्ट मागाहून उमगली. बी-१२ कमी असलं तरी तळपायांना मुंग्या येतात. केमोचा सहा वर्षांपूर्वीचा त्रास म्हणून आम्ही जे औषध देत होतो, त्यातला काही त्रास कदाचित बी-१२ चा असेल, आणि त्याच कमतरतेने स्मृतीही पोखरली जात असेल. कॅन्सरचा शिक्का एकदा बसला की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्या खात्यावर जमा होतं.

अमिट्रिप्टिलिन महिनाभरात उतरवत बंद केली. बी-१२ ची इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मे महिन्यात काकू आल्या तेव्हा स्मृतिचाचणीत २२ गुण होते. घड्याळाचे आकडे गोलभर बसले, काटे मात्र चुकले. पायांच्या मुंग्याही कमी झाल्या होत्या. भाजीचा हिशेब पुन्हा जमू लागला होता, फक्त सून बरोबर जायची. मुलाने बागेतल्या बेदाण्याची पिशवी आणून दिली. मला हायसं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटत होती, कारण उरलेल्या आठ गुणांचं काय, हा प्रश्न तसाच होता.

पावसाळ्यानंतर त्या पुन्हा घसरू लागल्या. नैवेद्य दोनदा दाखवायच्या, एकच गोष्ट दहा मिनिटांत तीनदा विचारायच्या. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायच्या. २०२४ च्या मार्चमध्ये गुण १९. बी-१२ आता उत्तम होतं, अडवणारी गोळी वर्षभर बंद होती. मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. दुसऱ्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आधीपेक्षा स्पष्ट आकसलेले होते. निदान अल्झायमरचं झालं. ईसीजी पाहून डोनेपेझिल सुरू केलं. हे औषध असिटिलकोलिन टिकवून धरतं. अमिट्रिप्टिलिन चालू असतानाच ते दिलं असतं, तर एका हाताने घागर भरायची आणि दुसऱ्याने तिला भोक पाडायचं, असं झालं असतं.

काकू त्या आठ जणींतल्या निघाल्या.

आठ महिन्यांच्या उशिराने नेमकं किती नुकसान झालं, हे मुलाने मला दोनदा विचारलं. अल्झायमर थांबला नसता. पण गोळीचा आणि बी-१२ चा जो थर वर बसला होता, तो आठ महिने आधी खरवडता आला असता. ज्या वर्षी काकू स्वतःचे निर्णय स्वतः बोलून दाखवू शकत होत्या, त्या वर्षातले आठ महिने धुक्यात गेले. शेत कोणाच्या नावे, दागिने कोणाला, पुढे आजारपणात काय करायचं आणि काय नाही, हे विचारायची वेळ ती होती. मे २०२३ च्या सुधारलेल्या दिवसांत त्यातलं काही घराने विचारून घेतलं. मी आग्रहच धरला होता तसा.

आता ती दुसरी शंका. अल्झायमरच्या रुग्णांत कॅन्सर कमी आढळतो, यातला काही भाग केवळ न शोधल्यामुळे असू शकतो. ज्याला सांगता येत नाही, त्याला कोणी विचारत नाही. तोच प्रकार काकूंच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर घडू लागला होता. निदानानंतरच्या पहिल्याच भेटीत मुलगा म्हणाला, "आता मॅमोग्राफी कशाला, मॅडम? त्यांना त्रास, आणि मेसेजमध्ये होतंच ना, अल्झायमरवाल्यांना कॅन्सर होत नाही म्हणून." तोच मेसेज, आता उलट्या बाजूने. मी त्याला पुन्हा तो बारा आणि आठचा हिशेब दाखवला. काकूंचा एक स्तन जाऊन दुसरा शिल्लक आहे आणि एकदा कॅन्सर होऊन गेलेला आहे. पुढे आजार वाढला की तपासण्या कुठे थांबवायच्या, ते आपण त्या वेळी एकत्र बसून ठरवू. आज त्या चालत्या-बोलत्या आहेत, घास चावून खातात, नातवाशी पत्ते खेळतात. आज थांबवायचं कारण नाही.

सुनेने दर महिन्याच्या एक तारखेला आंघोळीच्या वेळी हाताने तपासायचं ठरवलं. कसं तपासायचं ते मी दाखवलं. मॅमोग्राफीलाही तीच बरोबर गेली. रिपोर्ट स्वच्छ आला. तो घेऊन दोघी दवाखान्यात आल्या तेव्हा काकूंनी उजव्या बाजूच्या सपाट जागेवर पदरावरूनच हात फिरवला आणि सुनेला विचारलं, "इथं काय गं झालं होतं मला?"

"गाठ होती, आई. काढली."

"केव्हा?"

"दोन हजार सोळा साली."

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि बाहेर रिक्षा थांबली आहे का ते बघायला उठल्या.